एसएसडी टाकली, आता ती टिकवायची कशी

जुन्या लॅपटॉपला एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह) टाकली की तो नव्यासारखा पळतो हे आता गावोगावी माहीत झालंय. आपल्या खान्देशात चोपड्यापासून साक्रीपर्यंत कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याकडे जा आणि म्हणा "मन्हा कॉम्प्युटर भलता स्लो चालस", तो पहिलं हेच सांगेल की भो, एसएसडी टाकून घे. सल्ला बरोबरच आहे. पण टाकून झाल्यावर पुढची पाच-सात वर्षं ती तशीच पळावी म्हणून काय बघायचं हे कोणी सांगत नाही, आणि नेटवर शोधायला जावं तर निम्मं जे सापडतं ते २०१०-१२ सालचं, पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज ड्राइव्हवर वापरतं ती फाइल) बंद करा, हायबरनेशन (मशीन बंद होताना रॅममधलं ड्राइव्हवर उतरवून ठेवणं) बंद करा, टेम्प फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा, ब्राउझरची कॅश रॅममध्ये टाका, असलं. त्या सगळ्याच्या मागे एकच भीती की एसएसडीवर जास्त लिहिलं की ती झिजते. झिजते हे खरं, पण आपल्या भागात मी बघतो त्या एसएसड्यांना त्रास होतो तो उन्हाचा, लाइटीचा आणि गळ्यापर्यंत भरून ठेवल्याचा. म्हणून या लेखात जोर त्याच्यावर आहे.

लिहिण्याची भीती मात्र आधी काढून टाकू. एसएसडीच्या माहितीत टीबीडब्ल्यू नावाचा आकडा असतो, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहून होईपर्यंत कंपनी वॉरंटी देते तो. सॅमसंगची ८७० ईव्हो घ्या, २५० जीबीवालीला १५० टेराबाइट, ५०० जीबीला ३००, १ टीबीला ६००. आता एखादं सेवा केंद्र धरा, दिवसभर सातबारा, दाखले, स्कॅनिंग, पीडीएफ, वर विंडोजचे अपडेट, सगळं मिळून रोज २० जीबी लिहिलं गेलं असं धरू, आणि हे भरपूरच धरलंय, तरी वर्षाचे ७.३ टेराबाइट होतात. म्हणजे १५० संपायला वीस वर्षं. तोपर्यंत लॅपटॉपचं बिजागर तुटलेलं असेल, कीबोर्ड गेलेला असेल, एसएसडीचा नंबर फार नंतर लागतो. याला अपवाद एकच, लग्नाचं शूटिंग करणारे स्टुडिओवाले. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपास लग्नसराईत एकेका लग्नाचं फोरके फुटेज शंभर-दोनशे जीबी येतं, ते कॉपी करा, एडिट करा, रेंडर करा, डिलीट करा, पुन्हा पुढचं लग्न. त्यांनी टीबीडब्ल्यू बघूनच घ्यायची आणि १ टीबीच्या खाली जायचंच नाही. बाकीच्यांनी पेजफाइल आणि हायबरनेशनला हात लावू नका. फार तर जागा कमी पडत असेल तर हायबरनेशन बंद करा, ती फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के जागा खाते, पण ते जागेसाठी करा, झीज वाचवायला नको.

घेताना

दुकानात जायच्या आधी आपल्या मशीनमध्ये काय बसतं ते बघा. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा (ड्राइव्ह जोडायची जुनी पद्धत) हार्डडिस्क असते, तिच्या जागी साटा एसएसडी सरळ बसते, स्पीड जास्तीत जास्त सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास. त्यानंतरच्या मशीनमध्ये एम डॉट टू स्लॉट असतो, त्यात बसणारी ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी, २२८० लिहिलेलं असतं म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. पण इथेच लोक फसतात, कारण एम डॉट टू हा फक्त आकार आहे, आत साटा चालतं की एनव्हीएमई (नवी, वेगवान पद्धत) चालतं हे मशीनवर अवलंबून, काही जुन्या लॅपटॉपमध्ये स्लॉट एम डॉट टू आहे पण आत फक्त साटाच चालतं आणि तुम्ही एनव्हीएमई घेऊन आलात की मशीन ती ओळखतच नाही. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघा, नाहीतर कॉम्प्युटरवाल्याला लॅपटॉपच दाखवा, नुसतं तोंडी विचारू नका.

एनव्हीएमईचा स्पीड जेन थ्रीला (तिसऱ्या पिढीला) सेकंदाला ३५०० एमबी, जेन फोरला ७००० पर्यंत जातो, आकडे ऐकून डोळे मोठे होतात, पण टॅली, ब्राउझर, फॉर्म भरणं, मराठी टायपिंग यात साटा आणि एनव्हीएमईतला फरक हाताला जाणवत नाही. खरी उडी हार्डडिस्कवरून एसएसडीवर येताना आहे. हार्डडिस्कमध्ये वाचणारं टोक फिरत्या तबकडीवर इकडून तिकडे सरकावं लागतं, बारीक बारीक फाइली वेगवेगळ्या जागेवरून उचलायच्या म्हटल्या की सेकंदाला शंभरेक उड्यांत ती दमते, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते ते यामुळेच. एसएसडीत हलणारं काहीच नाही, ती असल्या हजारो मागण्या सेकंदात उरकते. त्यामुळे जुन्या मशीनला साटा मिळाली म्हणून मन छोटं करायचं कारण नाही. त्या पैशात रॅम ४ ची ८ करा, त्याचा फायदा जास्त होईल.

साइज ५०० च्या आसपासची घ्या. २४० वाली स्वस्त पडते, पण विंडोजमध्ये २२३ दिसते, वर्षभरात भरते, आणि भरलेल्या एसएसडीचं काय होतं ते पुढे येतंच. ५०० वाली ४६५ दिसते, १ टीबी ९३१ दिसते, दुकानदाराने फसवलं नाही, कंपनी हजारच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या. टीएलसी (चिपच्या एका खणात तीन बिट) की क्यूएलसी (चार बिट) असा पर्याय असेल तर टीएलसी. डीरॅम (एसएसडीची स्वतःची छोटी रॅम) असलेली मिळाली तर चांगलंच, नसेल तर घरच्या वापराला अडत नाही. आणि ऑनलाइन जे दोन टीबी, चार टीबी हजार-दीड हजारात दिसतात त्याच्या नादी लागू नका. आत कमी साइजची चिप घालून कंट्रोलरला (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपला) खोटं बोलायला शिकवलेलं असतं, विंडोज २ टीबी दाखवतं, तुम्ही खुशीत भरत जाता, आणि खऱ्या साइजच्या पुढे गेलं की आधीच्या फाइलींवरच लिहिलं जातं. शंका असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं. ड्राइव्ह रिकामी असतानाच चालवा.

बसवताना

डेटाची कॉपी आधी, स्क्रूड्रायव्हर नंतर. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, बॅटरी निघत असेल तर काढायची, आतली असेल तर तिचा कनेक्टर काढायचा. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावर स्टॅटिक तयार होतं, तेव्हा एसएसडी हातात घ्यायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. साटा एसएसडी ७ मिलिमीटर जाड असते आणि जुन्या लॅपटॉपची जागा कधी साडेनऊची, मग ती आत हलते, सोबत प्लास्टिकची चौकट आली असेल तर लावा. एम डॉट टू तिरकी आत सरकवायची, मग दाबून आडवी करायची आणि छोटा स्क्रू लावायचा. स्क्रू हरवला म्हणून सेलोटेप लावलेलीसुद्धा मशीनं फिरतात, टेप उन्हाने सुटते आणि पट्टी वर उचलली जाते. डेस्कटॉपच्या बोर्डावर एम डॉट टू साठी धातूची पट्टी असेल तर तिच्या खालच्या थर्मल पॅडवरचं पातळ प्लास्टिक सोलून मगच लावा, पुष्कळ जण ते विसरतात आणि मग पट्टी उष्णता बाहेर काढायच्या ऐवजी आतच ठेवते. एसएसडीवरचं स्टिकर मात्र सोलायचं नाही, वॉरंटी जाते.

डीव्हीडीच्या जागी कॅडी लावून दोन ड्राइव्ह ठेवायच्या असतील तर एसएसडी मूळ हार्डडिस्कच्या जागेत आणि जुनी हार्डडिस्क कॅडीत. उलटं करू नका, पुष्कळ जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडीच्या जागेचा साटा कमी स्पीडचा असतो. कॅडी साडेनऊ मिलिमीटरची हवी की १२.७ ची हे डीव्हीडी ड्राइव्ह काढून मोजून मगच मागवा.

मशीन उघडलंच आहे तर पंखा साफ करून घ्या, हे सांगायचं कारण आपला कापूस. जिनिंगच्या आसपासच्या दुकानातला सीपीयू दिवाळीनंतर उघडून बघा. प्रोसेसरच्या हीटसिंकवर, पंख्याच्या खाली, करड्या रंगाची जाड वाकळ बसलेली असते, सरकी ओढल्यावर जो बारीक तंतू हवेत उडतो तो आणि धूळ मिळून. चिमटीत धरून ओढली की अख्खीच्या अख्खी निघते, चौकोनी, पंख्याचा आकार घेतलेली. पंखा फिरत असतो, आवाजही येत असतो, पण खालून हवा जातच नाही. आणि एम डॉट टू चा स्लॉट बहुतेक बोर्डांवर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डच्या मधोमध, म्हणजे सगळ्या गरमीच्या मध्यावर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, त्याला उलटं गरगर फिरू देऊ नका.

विंडोज टाकताना

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) साटाचा मोड एएचसीआय आहे का बघा, जुन्या मशीनवर कधीकधी आयडीई राहिलेला असतो, त्यात ट्रिमचा (ती काय ते पुढे येतंच) भरवसा नाही आणि स्पीडही कमी. मशीन यूईएफआयवालं (नव्या प्रकारच्या बायोसचं) असेल तर ड्राइव्ह जीपीटी (पार्टिशन मांडायचा नवा प्रकार) करा. आणि विंडोज नवीन टाकताना बाकी सगळ्या हार्डडिस्का काढून ठेवा, नुसती एसएसडी जोडलेली पाहिजे. नाहीतर विंडोज जातं एसएसडीवर आणि बूटचं पार्टिशन जाऊन बसतं जुन्या हार्डडिस्कवर, सहा महिन्यांनी ती हार्डडिस्क काढली की मशीन चालूच होत नाही आणि बिचाऱ्या एसएसडीला नाव ठेवलं जातं.

नवीन टाकायचं की क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी, करायचं? माझं मत नवीन टाकायचं. जुन्या विंडोजमध्ये पाच वर्षांचा कचरा असतो, तो उचलून नव्या घरात कशाला न्यायचा. पण सेवा केंद्रात बायोमेट्रिकचे ड्रायव्हर, डिजिटल सहीची सेटिंग, प्रिंटर, टॅलीचं लायसन, एवढं सगळं परत बसवायला दोन दिवस जात असतील तर क्लोन करा, क्लोनझिला फुकट आहे, शिवाय बऱ्याच कंपन्या आपल्या एसएसडीसोबत क्लोनिंगचं सॉफ्टवेअर देतात. विंडोज ११ असेल तर क्लोनच्या आधी बिटलॉकर (ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलं असेल तर पुष्कळ लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढूनच चालू करा, आणि आठवडाभर तिच्यावरचं काही पुसू नका.

मशीन एक्सपीच्या काळातलं असेल तर क्लोन नकोच. एक्सपी पार्टिशनची सुरुवात ६३ व्या सेक्टरपासून करायचं, ते एसएसडीच्या आतल्या मापाशी जुळत नाही आणि लिहिताना जादा काम पडतं. विंडोज ७ पासून पार्टिशन १ एमबीवर सुरू होतं, तिथे काळजी नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, जे जुन्या मशीनमध्ये नसतं. अशा मशीनवर फक्त ब्राउझर आणि टायपिंगचं काम असेल तर लिनक्स मिंट टाकून बघा, एसएसडीवर झकास पळतं, ट्रिम आठवड्याला आपोआप होते. बायोमेट्रिक आणि डीएससीचं (डिजिटल सहीचं) काम असेल तर मात्र ड्रायव्हरची बोंब होते, आधी चौकशी करा.

ट्रिम आणि रिकामी जागा

एसएसडी लिहिते छोट्या छोट्या पानांत, पण पुसते मात्र मोठ्या ब्लॉकमध्ये, एका ब्लॉकमध्ये अशी शेकडो पानं. लिहिलेल्या पानावर परत लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. म्हणून ब्लॉकमधली कामाची पानं दुसरीकडे हलवायची, ब्लॉक पुसायचा, असं आत सारखं चालू असतं. तुम्ही फाइल डिलीट केली तर विंडोजला कळतं, एसएसडीला आपोआप कळत नाही, ती बिचारी मेलेला डेटासुद्धा जपून इकडून तिकडे हलवत बसते. ट्रिम म्हणजे विंडोजने एसएसडीला सांगणं की ही ही पानं आता रिकामी समज. विंडोज ७ पासून हे आहे.

चालू आहे का बघायला स्टार्टमध्ये डिफ्रॅगमेंट टाइप करा, ऑप्टिमाइज ड्राइव्हज उघडेल. तिथे मीडिया टाइप सॉलिड स्टेट ड्राइव्ह दिसलं पाहिजे, शेजारी शेवटी कधी झालं ती तारीख, आणि खाली आठवड्याचं शेड्यूल चालू पाहिजे. एवढंच. एसएसडीवर तिथलं ऑप्टिमाइज दाबलं तर ट्रिमच चालते, ते बटण सुरक्षित आहे. बाहेरचं एखादं डिफ्रॅगचं सॉफ्टवेअर आणून मात्र चालवू नका, फायदा शून्य आणि लिहिणं फुकटचं. क्लोन केल्यावर कधी एसएसडीलाच हार्ड डिस्क ड्राइव्ह असं दाखवतं, तेव्हा कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून विनसॅट फॉर्मल ही कमांड चालवा, विंडोज परत तपासून घेतं.

ट्रिमची दुसरी बाजू अशी की डिलीट केलेली फाइल रिकव्हर होत नाही, झाली तर नशीब. हार्डडिस्कच्या काळात स्टुडिओवाले रिसायकल बिन रिकामी करून मग रिकव्हरीवाल्याकडे पळायचे आणि हळदीचे फोटो परत मिळायचे. एसएसडीवर ते विसरा.

आता जागा. १५-२० टक्के कायम रिकामी ठेवा. पुष्कळ एसएसड्या रिकाम्या भागाचा काही हिस्सा वेगवान कॅश म्हणून वापरतात. कापूस घरी आला की आधी गठडी भराभर ओट्यावर टाकतात आणि मग सवडीने आतल्या खोलीत लावतात, तसंच हे, डेटा आधी कॅशमध्ये पटकन घेते आणि मशीन निवांत असताना आत नीट लावते. ड्राइव्ह भरत गेली की हा ओटाच लहान होत जातो, मग कॉपी सुरुवातीला ४०० ने सुरू होते आणि थोड्या वेळात पन्नासवर येऊन रांगायला लागते, क्यूएलसीवाली तर त्याच्याही खाली. एसएसडी खराब झाली म्हणून जी घेऊन येतात त्यात ही तक्रार फार असते. सी ड्राइव्ह उघडून बघावं तर लाल पट्टी आणि ४ जीबी शिल्लक.

भरतं कशाने, तर डाऊनलोड फोल्डरने. तीन वर्षांचे आधार, सातबारा, रेशनकार्ड, सगळ्यांच्या पीडीएफ तिथेच, लोकांची खाजगी कागदपत्रं आहेत ती, जागेसाठी नाही तरी त्यासाठी पुसा. मग व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले व्हिडिओ, मोठ्या अपडेटनंतरचं विंडोज ओल्ड. सेटिंगमध्ये स्टोरेज सेन्स चालू करून ठेवलं की रिसायकल बिन आणि टेम्पचं काम तोच बघतो. रजिस्ट्री क्लीनर, बूस्टर, असलं काही टाकू नका.

ऊन

भुसावळ, जळगाव, मे महिना, पारा ४५ च्या वर, आणि वर पत्र्याचं छत. घरच्या एसएसडीला कंपनी साधारण ० ते ७० अंशांत चालवा म्हणते. ऐकायला भरपूर वाटतं, पण हा आकडा एसएसडीचा स्वतःचा आहे, खोलीचा नाही. खोलीतच ४२ असेल तर बंद कॅबिनेटच्या आत त्याहून वर, आणि एनव्हीएमई मोठी कॉपी करताना तिथून पुढे चढते. ७०-८० च्या आसपास पोचली की ती स्वतःला जपायला स्पीड कमी करते. म्हणून दुपारी तीन वाजता रेंडर रखडतं आणि रात्री अकराला तेच सुरळीत होतं. साटाला हा त्रास कमी होतो, ती मुळात हळू असल्याने कमी तापते.

करायचं काय? लॅपटॉप गादीवर, मांडीवर उशी घेऊन, असा वापरू नका, खालची जाळी मोकळी पाहिजे. सीपीयू भिंतीला चिकटवू नका आणि टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका. एनव्हीएमईला पातळ हीटसिंक लावा, फार महाग नसतो, फक्त लॅपटॉपमध्ये जाडी मावते का बघा. मोठी कॉपी, बॅकअप, रेंडर हे सकाळी किंवा रात्री उरका. कूलरबद्दल एक, सीपीयू कूलरच्या सरळ झोतात ठेवू नका. हवा गार वाटते पण ओलसर असते, आणि बोअरचं पाणी जड असेल तर बारीक तुषारांबरोबर क्षार उडून आत बसतात, मग कनेक्टरवर पांढरी पूड दिसते. कूलर खोलीला लावा, मशीनला नको.

उन्हाची दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. एसएसडीत डेटा म्हणजे बारीक खणांत कोंडलेला विद्युतभार, आणि करंट नसताना तो हळूहळू गळतो, जितकी गरम जागा तितका लवकर. जेडेक या संस्थेचं मानक असं आहे की घरगुती एसएसडी पूर्ण झिजल्यावरसुद्धा, बंद ठेवलेली असताना, ३० अंशात १ वर्ष डेटा टिकला पाहिजे. नवी एसएसडी याच्यापेक्षा खूप जास्त टिकवते, घाबरायचं नाही, पण ३० अंश कुठे आणि आपल्या लोखंडी कपाटातला मे महिना कुठे. म्हणून जुनी, भरपूर वापरलेली एसएसडी मुलाच्या लहानपणीच्या फोटोंनी भरून कपाटात तीन वर्षं टाकून देऊ नका. ठेवायचीच असेल तर दर चार-सहा महिन्यांनी जोडून थोडा वेळ चालू ठेवा आणि फाइली उघडून बघा. वर्षानुवर्षं ठेवायच्या डेटाला हार्डडिस्कच बरी.

लाइट

एसएसडीच्या आत एक नकाशा असतो, कुठली फाइल कुठल्या पानावर आहे याचा. हा नकाशा सारखा बदलतो आणि त्यातला काही भाग तात्पुरता कॅशमध्ये असतो. सर्व्हरच्या एसएसडीत लाइट गेली तरी तेवढं लिहून घ्यायला कपॅसिटर असतात, आपण घेतो त्या बहुतेकांत नसतात. नकाशा अर्धवट राहिला तर फाइल खराब होते, कधी अख्खी ड्राइव्हच दिसेनाशी होते. एकदा लाइट गेली म्हणून लगेच मरत नाही, सावरण्याची सोय आत असते, पण वळवाच्या वादळात, केळीचे बाग आडवे होतात त्या दिवसांत, लाइट मिनिटाला येते-जाते, मशीन चालू होत असतानाच परत बंद, असं झालं की धोका वाढतो.

डेस्कटॉपला यूपीएस लावाच, दहा मिनिटं देणारा पुरे, सेव्ह करून शटडाऊन करण्यापुरता. घरातल्या इन्व्हर्टरवर भिस्त असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण आहे का बघा, साध्या मोडमध्ये लाइट ते बॅटरी बदलायला जो क्षण जातो तेवढ्यात सीपीयू रीस्टार्ट होतो. लॅपटॉपवाले म्हणतात आम्हाला बॅटरी आहे, पण दुकानांमधले निम्मे लॅपटॉप मेलेल्या बॅटरीवर डायरेक्ट चार्जरने चालतात, वायरला धक्का लागला तरी बंद पडतात. एसएसडीच्या दृष्टीने तो यूपीएस नसलेला डेस्कटॉपच आहे. बॅटरी बदला. आणि हँग झालं की पॉवर बटण दाबून धरायची सवय सोडा, दोन-तीन मिनिटं थांबा. वादळात लाइट खेळत असेल तर प्लगच काढा आणि लाइट स्थिर झाल्यावर लावा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या पॉलिसीमध्ये दोन टिका असतात. वरची राइट कॅशिंगची, ती असू द्या. खालची, बफर फ्लशिंग बंद करणारी, स्पीड वाढतो म्हणून व्हिडिओत दाखवतात, आपल्या लाइटीत ती कधीच करू नका.

लाइट गेल्यानंतर एसएसडी दिसतच नसेल तर लगेच फेकू नका. साटा असेल तर डेटा केबल काढा, फक्त पॉवर केबल ठेवा, मशीन चालू करून वीस-तीस मिनिटं तसंच राहू द्या, मग बंद करून अर्ध्या मिनिटाने परत एकदा तसंच. त्या वेळात ती आतल्या आत नकाशा दुरुस्त करते. लॅपटॉपमध्ये हेच बायोसच्या स्क्रीनवर ठेवून करता येतं. दरवेळी जमेल असं नाही, पण फुकटात आहे, करून बघा. आणि परत आलीच तर पहिलं काम डेटा काढून घेणं.

तब्येत बघणं

क्रिस्टलडिस्कइन्फो टाका, फुकट आहे, महिन्यातून एकदा उघडा. वर टक्के दिसतात, १०० पासून हळूहळू खाली येतात, वर्षाला एक-दोन टक्के कमी झाले तर निवांत राहा. त्याच्यापेक्षा मी दोन ओळी बघतो. एक, मीडिया एरर, शून्यच पाहिजे, वाढायला लागली की त्याच दिवशी डेटा हलवा. दुसरी, अनसेफ शटडाऊन, म्हणजे किती वेळा अचानक लाइट गेली. टक्के ९७ आणि अनसेफ शटडाऊन चारशे असं दिसलं की त्या मालकाला एसएसडीची नाही, यूपीएसची गरज आहे. टेम्परेचरही तिथेच दिसतं, दुपारी बघा, सकाळी बघून उपयोग नाही.

फर्मवेअरचे (एसएसडीच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट लोक कधीच करत नाहीत, आणि ते महत्त्वाचे असतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपी एंटरप्राइजने स्वतः जाहीर केलं होतं की त्यांच्या सर्व्हरच्या काही एसएसड्या ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतात, डेटासकट, म्हणजे पावणेचार वर्षांनी. झीज नाही, गरमी नाही, नुसती सॉफ्टवेअरची चूक, आणि अपडेट केला तर काही होत नव्हतं. आपल्या एसएसडीच्या कंपनीचं सॉफ्टवेअर सहा महिन्यांतून एकदा उघडून बघा. अपडेट करताना बॅकअप घेतलेला पाहिजे, लॅपटॉप चार्ज पाहिजे आणि लोडशेडिंगची वेळ नको.

बॅकअपचं असं आहे, हार्डडिस्क जायच्या आधी कटकट आवाज करते, हळू होते, काहीतरी इशारा देते. एसएसडी पुष्कळदा काल चांगली होती, आज नाही. तुमची जी जुनी हार्डडिस्क निघाली ती ड्रॉवरमध्ये टाकू नका, यूएसबी ३ ची केस आणा, त्यात बसवा, आठवड्याला एकदा कामाचं फोल्डर त्यावर कॉपी करा आणि वायर काढून ठेवा, जोडलेलीच ठेवली तर व्हायरस दोन्हीकडे जातो. ती हार्डडिस्क स्वतःच दहा वर्षांची असेल तर तिचीही तब्येत त्याच सॉफ्टवेअरमध्ये बघून घ्या. टॅलीचा डेटा छोटा असतो, तो गूगल ड्राइव्हसारख्या जागी ऑनलाइनही टाका.

राहिली वॉरंटी. बहुतेकांना तीन किंवा पाच वर्षं असते, किंवा टीबीडब्ल्यू संपेपर्यंत, जे आधी होईल ते. मेलेली एसएसडी वॉरंटीत दिली की ती परत मिळत नाही, बदली दुसरी येते, आणि बंद पडलेलीवरचा डेटा तुम्हाला पुसताही येत नाही. लोकांचे आधार आणि बँकेचे कागद असलेल्या मशीनवर म्हणूनच बिटलॉकर चालू असलेलं बरं, फक्त रिकव्हरी की त्याच मशीनवर ठेवू नका. आणि बिल जपा. दुकानातलं बिल थर्मल कागदाचं असतं, आपल्याकडच्या एका उन्हाळ्यात ते कोरं होतं, तेव्हा घेतल्या दिवशीच बिलाचा आणि स्टिकरवरच्या सीरियल नंबरचा मोबाइलने फोटो काढा आणि स्वतःलाच मेल करून ठेवा.